माणगंगा नावाचं गवत

"लवटे, मेंढ्या आज जरा रस्त्याच्या बाजूला ठेवायला सांगा. पाहुणे गाडीतून उतरले की आधी मेंढ्या दिसल्या पाहिजेत. गवत मग बघतील."

खानोलकर सर सकाळपासून तिसरा चहा पीत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि खिशात नेहमीप्रमाणे गवताची एक काडी. मालवणकडचा हा माणूस आमच्या माणदेशात येऊन उन्हानं काळवंडून गेला होता, पण बोलताना अजून हेल काढायचा. आमच्या गवत संशोधन केंद्राचे ते प्रमुख. मी त्यांचा सहायक. त्या दिवशी नव्या वाणांना मान्यता देणारी समिती आमचं गवत बघायला येणार होती.

मी वरच्या कुरणाकडं गेलो. आक्का फाटकाजवळ काठी टेकून उभी होती. सगुणा, माझी थोरली बहीण. केंद्रावर तिला सगुणाबाई म्हणायचे. प्रयोगाच्या मेंढ्या राखायला माणूस हवा होता, तेव्हा सरांनीच विचारलं होतं, "तुमच्या बहिणीइतकी मेंढरं कळणारं दुसरं कोण आहे इथे?" त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ती माझी बहीण आहे हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"आक्का, मेंढरं जरा रस्त्याकडं वळव."

"वळवते," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "शर्टाची गुंडी लाव की वरची. मोठी माणसं यायलीत."

आमचं गवत म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या बियाण्यातून निवडून काढलेला एक वाण. सरांनी त्याचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, माणगंगा. आमच्या नदीचं नाव. गवताची ठोंबं लावली तेव्हा पावसानं डोळे वटारले होते. मी घागरीनं पाणी घालून ती जगवली होती. कमरेएवढं वाढायचं ते. कापून तोललं तर आमच्या माळावरच्या कुसळी-पवन्या गवतांच्या दुपटीला भारी. पण कापलेलं गवत तोलून काही ठरत नव्हतं. ते चरून जनावराच्या अंगावर काय चढतं, ते दाखवायचं होतं. म्हणून दोन कुरणं तारेनं बंद केली होती. वरच्या कुरणात नुसतं माणगंगा. खालच्या कुरणात माळरान जसं होतं तसं. कुसळी, पवन्या, मधूनच कसलीबसली वेल, झुडपं, बांधाला दोन बाभळी. दोन्हीकडं सारख्याच वयाच्या माडग्याळी मेंढ्या. पाण्याची कुंडं भरलेली. चाऱ्याशिवाय दुसरं काही द्यायचं नाही, हा नियम.

आणि आकडे असे आले होते की सरांनी वजनकाटा दोनदा तपासून घेतला. उन्हाळ्याच्या तोंडाला माळावरची मेंढी उतरतेच, वजन टिकलं तरी नशीब समजायचं. खालच्या मेंढ्या तशाच थोड्या उतरल्या होत्या. वरच्या मात्र चढत होत्या. वाळल्या गवतावर चढत होत्या. सर म्हणायचे, "लवटे, माझा विश्वास बसत नाही." आणि हसायचे. त्या हसण्यासाठी मी काहीही केलं असतं.

समितीत दोघं होते. अध्यक्ष डॉ. काझी, पशुआहाराचे जाणकार, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. दुसरे पुण्याहून आलेले एक सदस्य. ते सारखे घड्याळ बघत होते. सरांनी दोघांना वरच्या कुरणात नेलं. गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि वाऱ्यानं एका बाजूला झुकत होतं. मेंढ्या खरंच चांगल्या दिसत होत्या. पाठी भरलेल्या, लोकरीला तकाकी. काझीसाहेबांनी एका मेंढीच्या कण्यावर हात दाबून बघितला आणि मान डोलावली.

"सुरेख," पुण्याचे सदस्य म्हणाले. "खानोलकर, काम झालं म्हणायचं तुमचं."

तेवढ्यात आमचा शिपाई हात धुवायचं पाणी घेऊन आला. पत्र्याची बादली होती. फाटक उघडताना तिची कडी खणकन वाजली.

वरच्या कुरणातल्या सगळ्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि त्या धावत सुटल्या. ओरडत, एकमेकींच्या पाठीवर चढत फाटकाकडं आल्या. शिपायाला त्यांनी तारेला दाबून धरला. एकीनं पुढचे पाय बादलीच्या काठावर ठेवले, पाणी सांडलं, तर दुसरी ओल्या मातीत तोंड घालून हुंगायला लागली. पाहुणे हसायला लागले. सरही हसले. खालच्या कुरणातल्या मेंढ्यांनी आवाज ऐकून एकदा इकडं बघितलं आणि परत चरायला लागल्या.

"तहान लागलेली दिसते," काझीसाहेब हसत म्हणाले. "ऊन फार आहे. काय लवटे?"

मी मेंढरांत जन्मलो. बादली बघून मेंढरू असं कधी धावतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि कुंड तर तिथंच होतं, काठोकाठ भरलेलं.

मी आक्काकडं बघितलं. ती मेंढ्यांना मागं सारायला पुढं झाली नव्हती. काठी धरून जमिनीकडं बघत होती.

मला फक्त मान हलवायची होती. तहान, एवढं म्हणायचं होतं. साहेबांनीच उत्तर तयार करून माझ्या हातात दिलं होतं. सरांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं.

"तहान नाही साहेब," मी म्हणालो. "पाणी भरलेलं आहे. यांना कुणीतरी बादलीतून खायला घालतंय."

हसणं थांबलं. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग मेंढ्यांकडं. त्यांना कळायला क्षणभर लागला. ते कळतानाचा त्यांचा चेहरा मी बघितला.

"कोण घालतं?" काझीसाहेबांनी विचारलं.

"म्या घालते," आक्का म्हणाली.

"काय घालता?"

"हुलगं. शिजवून. दुपारच्याला."

"केव्हापासून?"

"गवात वाळल्यापास्नं."

"दोन्ही कुरणांत?"

"न्हाई. हितल्याच."

पुण्याचे सदस्य माझ्याकडं वळले. "ही तुमची बहीण ना, लवटे? कुणाच्या सांगण्यावरून चाललं होतं हे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी चोर आहे असं त्या माणसाला वाटत होतं, आणि दुसरं काही वाटावं असं माझ्याजवळ काहीच नव्हतं. हुलगा आमच्या रानातला. बहीण माझी. गवत माझं.

"मला माहीत नव्हतं साहेब," मी म्हणालो. "माझं गवत पास व्हावं म्हणून केलं असंल तिनं. माया आहे तिची माझ्यावर. अडाणी आहे. प्रयोग म्हणजे काय, तिला कळत नाही."

आक्कानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. काठी तारेला टेकवून ठेवली, डोईवरचा पदर सारखा केला आणि फाटकातून बाहेर पडून गावाकडं चालायला लागली. मेंढ्या काही अंतर तारेच्या आतून तिच्याबरोबर चालत गेल्या.

सर खिशातली काडी काढून बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, "काझीसाहेब, प्रस्ताव मी मागे घेतो. ही वजनं धरता येणार नाहीत. जबाबदारी केंद्रप्रमुख म्हणून माझी. लवट्यांनी जे सांगितलं ते तुमच्यासमोर आहे."

"जेवण तयार आहे," शिपाई मागून हळूच म्हणाला. कुणी जेवलं नाही. चहा घेऊन पाहुणे गाडीनं गेले.

धुरळा खाली बसल्यावर सर म्हणाले, "बाईंना घरी सोडायला कुणी गेलं का?"

"नाही सर."

"तुम्ही जा."

आमचं घर केंद्रापासून लांब नव्हतं. मला केंद्रात खोली होती, पण रात्रीचं जेवायला मी आक्काकडंच जायचो. तिचा नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला असताना साप चावून गेला, तेव्हा मी शाळेत होतो. ती माहेरी परतली आणि बापाच्या मेंढरांचं खांड तिनं हातात घेतलं. मेंढरांमागं मी जायला पाहिजे होतं, ती गेली. म्हणून मी राहुरीला जाऊन शेतीचं शिकलो. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. गावातलं दुसरं कुणी बोललं तर त्याला झाडायची. जीभ मोठी तिखट होती तिची.

ती सोप्यात बसून बाजरी निवडत होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो. वाटेनं मी बरंच काही ठरवून आलो होतो. चिडायचं ठरवलं होतं. मग समजवायचं. मग माफ करायचं.

"आक्का, काय केलंस हे?"

ती निवडत राहिली.

"सरांची सगळी मेहनत वाया गेली. मला चोर समजतायत ती माणसं. माझ्यासाठी केलंस हे मला कळतं, पण असं कुणी करतं का?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. गवत पास व्हावं म्हणून."

तिनं सूप खाली ठेवलं.

"तुझ्यासाठी कशाला घालीन रं? मेंढरं भुकेली व्हती."

तिनं पदरानं हात पुसले.

"हिरवं हुतं तवर खाल्लं त्यांनी. चांगलं खाल्लं. वाळलं आन् नुसत्या काड्या ऱ्हायल्या. दिसभर तोंड हलवायची. प्वाट फुगायचं आन् आंगावर काय न्हाई. दोघी तर गाभण हुत्या. माझ्याकडं बघून वरडायच्या. दुपारच्याला तुमी समदी जेवायला जाताव, आन् म्या त्यांच्याम्होरं बसून भाकर खायची? न्हाई खाल्ली गेली मला."

"मग खालच्या कुरणात का नाही घातलंस?"

"ती कुठं भुकेली हुती? तितं बाभळीच्या शेंगा पडत्यात, पाला हाय, हितं येक त्वांड मार, तितं येक मार. चाललंय त्यांचं."

ओसरीवर ऊन आलं होतं. मी तसाच उभा होतो. आमच्या कागदांवर जो चमत्कार होता, वाळल्या गवतावर चढणारी मेंढी, तो असा होता. मेंढ्या भुकेल्या होत्या म्हणून तिनं खायला घातलं. खायला घातलं म्हणून त्या चढल्या. आणि आम्ही काटा तपासत होतो.

"मला सांगायचं नाहीस का?" मी म्हणालो.

तिनं सुपातली बाजरी हातानं सारखी केली. मग म्हणाली, "रोज हितं जेवायला बसलास की त्या गवताचं बोलायचास. हितकं वाढलं, तितकं वाढलं. आमटी निवून जायाची तुझी. ल्हानपणी जत्रंतनं आल्यावर बोलायचास तसा. मला काय तुला सांगवंना."

"म्हणून लपवलंस."

"खायला घातलं ते मेंढरांसाठी. सांगितलं न्हाई ते तुझ्यासाठी. ह्यात आता काय अडाणीपणा झाला असंल तर बग बाबा."

तो शब्द तिनं जोर न देता उच्चारला. परत सूप उचललं. मी उंबऱ्यातून आत गेलो नाही, बाहेरही पडलो नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "उनात नगं उभा राहूस."

आक्का परत केंद्रावर आली नाही. सर स्वतः तिच्याकडं गेले, ओसरीवर बसून चहा प्याले. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणी मला सांगितलं नाही. माझी चौकशी झाली. सरांनी लिहून दिलं म्हणून थोडक्यात सुटलो. जेवायला मी तिच्याकडंच जात राहिलो. ती गरम भाकरी ताटात टाकायची. गवताचा विषय मी काढायचो नाही, ती विचारायची नाही. आमटी गरम असतानाच संपायची.

सर म्हणाले, प्रयोग परत करायचा. तेच कुरण, तसंच गवत, काही जुन्या मेंढ्या, काही नव्या. "बाई म्हणतात ते खरं असेल, लवटे. मला वाटतं खरंच आहे. पण आपल्याला ते दाखवून द्यावं लागेल." दुसऱ्या गावचा मेंढपाळ ठेवला. दुपारी कुणी काही घालू नये म्हणून मीच कुरणाच्या कडेला लिंबाखाली डबा घेऊन बसायला लागलो.

पावसाळा गेला, थंडी गेली, गवत वाळलं. जुन्या मेंढ्या दुपार झाली की फाटकाच्या कोपऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. आक्का त्यांना तिथंच घालत असणार. ओरडायच्या. मग ओरडायच्याही बंद झाल्या, नुसत्या उभ्या असायच्या. मी त्यांच्याकडं पाठ करून जेवायला शिकलो. वजनं उतरत गेली. चैत्रात एका मेंढीचं दूध आटलं. तिचं कोकरू गेलं. मी मेंढपाळाला म्हणालो, थोडं काही घालू या का. मग मीच म्हणालो, नको.

शेवटचं वजन झालं, आकडे मांडून झाले. वाळल्यावर नुसतं माणगंगा चरायला देण्यात अर्थ नाही, हे आता कुणालाही दाखवता येणार होतं. पुढं आम्ही त्यात शेंगवर्गीय चारा पेरून बघितला, आणि त्या जोडीला बऱ्याच वर्षांनी मान्यता मिळाली. सर तोवर निवृत्त होऊन मालवणला गेले होते. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी मला एवढंच वाटत होतं की हे आक्काला सांगायला पाहिजे. वर्षभर तिच्यासमोर मान खाली घालून जेवत होतो. आज तिला म्हणायचं होतं, तू खरं बोलली होतीस, आता ते सगळ्यांना मानावं लागेल. मला वाटत होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. आमचं फिटेल.

ती चुलीपुढं बसली होती. मी पाटावर बसलो आणि सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा गवताचा विषय काढला. वजनं कशी उतरली ते सांगितलं, खालच्या कुरणातली कशी टिकली ते सांगितलं. "तू म्हणत होतीस तेच खरं निघालं, आक्का. सर म्हणाले, बाईंना आवर्जून सांगा."

तिनं भाकरी तव्यावर उलटली. "मंजी ह्या उन्हाळ्यात त्यास्नी कुणी काय घातलं न्हाई?"

"नाही. मी स्वतः बसायचो राखायला."

"कशापायी?"

"कुणी घालू नये म्हणून."

तिचे हात थांबले. "जुनी हुती का त्यात?"

"होती थोडी."

"कोपऱ्याला यायची?"

मी मान हलवली.

"ती लंगडी, काळ्या कानाची. गाभण व्हती तवा."

"तिचंच यंदाचं कोकरू गेलं," मी म्हणालो. सांगायला नको होतं, पण तिनं विचारल्यावर खोटं बोलता आलं नाही.

आक्का तव्याकडं बघत राहिली. भाकरीची कड करपायला लागली, तरी तिनं ती काढली नाही.

"म्या सांगितलं ते खरं हाय का, हे बगायला तू त्यास्नी उपाशी ठिवलंस," ती म्हणाली. रागानं नाही. एखादी गोष्ट नीट कळली का ते स्वतःशी म्हणून बघावं, तशी.

"प्रयोग होता, आक्का. तसं केल्याशिवाय कुणी मानत नाही."

"तू तर मानत हुतास."

चुलीत लाकूड तडतडलं. तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ठेवली. दुसरी थापून भाजली, फुगली तशी माझ्या ताटात टाकली आणि ताट माझ्यापुढं सारलं.

"जेव," ती म्हणाली.

मला उठून जाता आलं असतं. पण सकाळपासून वजनकाट्यापाशी उभा होतो, पोटात काही नव्हतं. भूक लागली होती. मी जेवलो.